कुंपण नसलेले विद्यापीठ

माझे संशोधनाचे शिक्षण जर्मनीतील ग्योटिंगेन येथे झाले, असा उल्लेख या सदरात पूर्वी एकदा ओघाने आला होता. तेव्हापासून त्या गावाविषयी पत्रे येत राहिली आहेत. त्यांतील चार पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला ग्योटिंगेन विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असून ऑक्टोबरमध्ये तिला रुजू व्हायचे आहे. ते गाव आमच्या सांगलीपेक्षाही लहान असल्याचे कळले. नातेवाईक म्हणतात की जायचेच तर म्युनिक किंवा बर्लिनला जावे, तिथे आपली माणसे असतात. विद्यापीठाचे आवार कसे आहे, वसतिगृहावर देखरेख कोणाची असते आणि एकट्या मुलीचा निभाव लागेल का, हे कृपया सांगावे. — एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नातील ‘आवार’ आणि ‘देखरेख’ हे दोन शब्द आधी बाजूला काढले पाहिजेत, कारण तिथे आपल्या अर्थाने यांपैकी काहीच नाही. 1737 पासून चालत आलेल्या या विद्यापीठाला कमान नाही, फाटक नाही आणि सुरक्षारक्षकाची वहीही नाही. जुन्या गावाभोवतीच्या मातीच्या तटावर आता झाडांखालची पायवाट आहे आणि तिच्यावरून रमतगमत निघाले तरी तासाभरात गावाला प्रदक्षिणा होते. तटाला लागून पलीकडे मानव्यविद्यांच्या इमारती, मोठे ग्रंथालय आणि ‘मेन्झा’ म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ आहे. बहुतेक विज्ञानशाखा मात्र उत्तरेकडच्या टेकडीवर असून तुमच्या मुलीलाही तिकडेच बसने किंवा सायकलने जावे लागेल. सव्वा लाखाच्या आतबाहेर वस्ती असलेल्या या गावात वीस हजारांहून अधिक विद्यार्थी राहतात, त्यामुळे गाव कुठे संपते आणि विद्यापीठ कुठे सुरू होते हे सांगणे अवघड जाते. घरांच्या दर्शनी भिंतींवर तिथे पूर्वी राहून गेलेल्या विद्वानांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत. पाव विकत घ्यायला निघालेला विद्यार्थी वाटेत तीन-चार गणितज्ञांच्या दारावरून जातो.

वसतिगृहे आहेत, पण ती विद्यापीठाची नसून ‘श्टुडीरेंडनवेर्क’ या विद्यार्थी-कल्याण संस्थेची आहेत. तिथे अधीक्षक नसतो आणि रात्री कोण किती वाजता परतले हे कोणी विचारत नाही. प्रतीक्षायादी लांब असल्यामुळे प्रवेशपत्र हाती आलेल्या दिवशीच अर्ज करायला हवा होता. केला नसेल तर हे वाचून झाल्यावर करावा. तिथे जागा मिळाली नाही तर सामायिक घरातील खोली शोधावी लागते, आणि खरी परीक्षा ती आहे. आधीपासून राहणारे तिघे-चौघे स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून नव्या उमेदवाराची मुलाखत घेतात. माझ्या मुलाखतीत ‘तुझा विषय कोणता’ हे शेवटी विचारले गेले. आरंभीची वीस मिनिटे न्हाणीघर कोण, केव्हा आणि कशाने घासणार यावर खर्च झाली. शीतकपाटावर स्वच्छतेच्या पाळ्यांचा तक्ता लावलेला असतो आणि त्यातील आपली पाळी चुकवणारा माणूस त्या घरात फार दिवस आवडता राहत नाही. माझ्या पहिल्या फोडणीची मोहरी तडतडायच्या आत छतावरचे धुराची सूचना देणारे यंत्र कोकलू लागले होते आणि मी हातात झारा घेऊन खुर्चीवर उभी राहून त्याला वर्तमानपत्राने वारा घालत होते. मुलीला एवढेच सांगा की आधी खिडकी उघडावी, मग तेल तापवावे.

खोलीच्या शोधात फसवणूक होते, म्हणून या बाबतीत जरा सविस्तर लिहिते. ‘मी सध्या परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असे सांगणारा घरमालक भामटा समजावा. स्वतः किंवा ओळखीच्या कोणी खोली पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. जाहिरातीत दोन भाडी दिसतात. ‘थंड’ भाडे म्हणजे नुसत्या जागेचे, आणि ‘उबदार’ भाडे म्हणजे तापवणी, पाणी वगैरे धरून होणारे. कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. जो मालक हे पत्र द्यायला कांकूं करतो त्याची खोली स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण पत्त्याच्या नोंदणीवाचून पुढे निवास-परवान्याचे कामही अडते.

खर्चाचे म्हणाल तर लोअर सॅक्सनी राज्याने 2014 मध्ये शिक्षणशुल्क रद्द केल्यामुळे दर सहामाहीला काहीशे युरोंची वर्गणी तेवढी भरावी लागते. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात, हा सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा आहे, आणि त्यांतून दरमहा 992 युरो हाती येतात. एवढ्यात आरोग्यविम्यासह ग्योटिंगेनमध्ये काटकसरीने भागते. म्युनिकमध्ये त्यातला मोठा वाटा नुसत्या खोलीलाच जाईल, म्हणून नातेवाइकांचा सल्ला मला पटत नाही.

‘आपली माणसे’ ग्योटिंगेनमध्येही भेटतील. गाव लहान असल्याने बसथांब्यावर, मेन्झात आणि आशियाई किराणा दुकानात पुन्हा पुन्हा तीच भेटतील. हे सोयीचे असले तरी त्यात एक सापळाही आहे. अभ्यासक्रम इंग्रजीतून असतो, मित्र हिंदी-मराठी बोलणारे असतात, आणि दोन वर्षे राहून मुलगी दवाखान्याच्या खिडकीशी स्वतःची तक्रार जर्मनमध्ये सांगू शकत नाही, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. निघण्यापूर्वीचे चार महिने तिने जर्मनच्या शिकवणीला द्यावेत.

निभाव लागेल का, या प्रश्नात तुम्हाला भीती बहुधा रात्रीच्या रस्त्यांची वाटते आहे. मला काळजी वाटते ती डिसेंबरातल्या रविवारची. सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो, दुकाने दिवसभर बंद असतात, घरमित्र आपापल्या गावी गेलेले असतात आणि फोन करावा तर सांगलीत साडेचार तास पुढचे घड्याळ म्हणजे निजानीज झालेली. देखरेख नसण्याचा अर्थ तेव्हा कळतो, कारण ती चार दिवस खोलीबाहेर पडली नाही तरी दार ठोठावणारे कोणी नसते. म्हणून एखादा गायनवृंद, विद्यापीठाच्या क्रीडाकेंद्रातील एखादा वर्ग, काहीही असो, पण ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी आपली वाट पाहणारे कोणीतरी असेल असे काम तिने पहिल्याच महिन्यात धरावे.

प्रश्न : मी ग्योटिंगेनमध्येच पहिल्या सत्राला आहे. फेब्रुवारीत एका विषयाच्या परीक्षेला गेलो असता यादीत नाव नसल्याने मला बसू दिले नाही. वर्गात माझी एकही गैरहजेरी नव्हती. ही कोणाची चूक? — एक विद्यार्थी, मूळचा नागपूरचा

उत्तर : तुमचीच, हे सांगताना वाईट वाटते. आपल्याकडे परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख सूचनाफलकावर लागते, कारकून आठवण करतो, विलंबशुल्क भरून वेळ निभावते. तिथे विषयाला बसणे आणि परीक्षेला बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘स्टड-आयपी’ या संगणक-प्रणालीवर तासांची नोंद झाली म्हणून ‘फ्लेक्सनाऊ’वर परीक्षेची नोंद होत नाही. ती मुदतीच्या आत स्वतः करावी लागते आणि तयारी झाली नसेल तर मुदतीच्या आत स्वतःच मागे घ्यावी लागते. हजेरीची बाजू मांडून उपयोग नाही, कारण बहुतेक व्याख्यानांना हजेरी घेतलीच जात नाही. आता पुढच्या संधीची तारीख पाहून आजच नाव नोंदवा आणि आपल्या शाखेच्या अभ्यास-सल्लागाराला भेटा. नाव नोंदवून नापास होण्यापेक्षा मुदतीत माघार घेतलेली बरी, कारण पुन्हा बसण्याच्या संधी मोजक्या असतात आणि अनिवार्य विषयात त्या संपल्या तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो.

आणखी एक, तुम्ही विचारलेले नसले तरी. वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी. टी.’ असेल तर तास पंधरा मिनिटे उशिरा सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर ठोक्याला. आपल्याला एस. टी. म्हटले की उशीरच आठवतो, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात नेमका उलटा अर्थ लावून तोंडघशी पडले होते.

प्रश्न : ग्योटिंगेनचा पुण्याशी जुना संबंध असल्याचे ऐकले आहे. तो कोणता? — एक निवृत्त संस्कृत शिक्षक, पुणे

उत्तर : तो फ्रान्त्स कीलहॉर्न यांच्यामुळे. 1866 ते 1881 या काळात ते डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करीत होते. तेथील शास्त्र्यांकडून त्यांनी व्याकरण पारंपरिक पद्धतीने समजून घेतले, नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’चे संपादन आणि भाषांतर केले आणि पुढे पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती मुंबईहून तीन खंडांत प्रसिद्ध झाली. 1882 मध्ये ते ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले आणि 1908 मध्ये मृत्यूपर्यंत तिथेच राहिले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना 1885 मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली ती याच विद्यापीठाने. पुण्यात आपण ज्यांना केवळ ‘डॉक्टर भांडारकर’ म्हणतो त्यांच्या ‘डॉक्टर’ला या लहान गावाचा संदर्भ आहे, हे माझ्या तिथल्या मराठी मित्रांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

प्रश्न : पीएच.डी. मिळाल्यावर तिथे एका पुतळ्याचे चुंबन घ्यावे लागते, हे खरे का? — कुतूहल असलेली एक वाचक, नाशिक

उत्तर : घ्यावे लागत नाही, पण सगळे घेतात. जुन्या नगरभवनासमोरच्या कारंज्यावर हंस सांभाळणाऱ्या मुलीचा, ‘गेन्झेलीझल’चा, पुतळा 1901 मध्ये उभारला गेला. विद्यार्थी कारंज्यावर चढून तिचे चुंबन घेऊ लागले, त्या गोंधळाला कंटाळून 1926 मध्ये बंदी घालण्यात आली, पण ती कोणी मनावर घेतली नाही. मूळ पुतळा आता शहराच्या संग्रहालयात आहे आणि कारंज्यावर त्याची प्रतिकृती आहे. तोंडी परीक्षा आटोपली की प्रयोगशाळेतील सहकारी उमेदवाराच्या डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी चढवतात, तिच्यावर त्याच्या संशोधनाची टिंगल करणाऱ्या वस्तू लटकवलेल्या असतात, आणि सजवलेल्या हातगाडीत बसवून त्याला गावातून ओढत कारंज्यापर्यंत नेतात. तिथे फुले वाहायची, चुंबन घ्यायचे आणि खाली उतरायचे.

माझ्या वेळी पाऊस होता. टेकडीवरून उतरताना गाडीचे एक चाक निखळले, म्हणून शेवटचे अंतर मी टोपी सांभाळत चालतच गेले, आणि ओल्या दगडावरून पाय घसरू नये म्हणून दोघांनी मला खालून धरून ठेवले होते. हा सोहळा आईने फोनच्या पडद्यावर पाहिला. तिने अभिनंदन नंतर केले, आधी विचारले, “अगं, ती बाई कोण, आणि तू तिच्या अंगावर चपला घालून का चढली आहेस?”