आधी कोटा मांड, मग दोषी शोध

प्रिय मित्रा,

तुझा खर्डा दोनदा वाचला. ऑस्ट्रेलियन डेमोक्रॅट्स हा विषय निवडलास ते उत्तम. मध्यममार्गी तिसऱ्या पक्षाचा जन्म, भरभराट आणि शेवट इतक्या स्वच्छ आकड्यांत सापडणारी उदाहरणं थोडी आहेत. पण खर्ड्याचं मुख्य विधान मला पटलं नाही. "1999 मध्ये मेग लीस यांनी जॉन हॉवर्ड सरकारला जीएसटी मंजूर करून दिला आणि पक्ष संपला" असं तू लिहितोस. (लीस तेव्हा पक्षाच्या नेत्या, हॉवर्ड पंतप्रधान.) तसं सगळेच लिहितात. कालक्रम मात्र वेगळं सांगतो, म्हणून लेख उलट्या बाजूने बांध.

सुरुवात सेनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, कोट्यापासून कर. राज्यसभेसारखीच तिथेही एकल संक्रमणीय मतपद्धत आहे, फक्त मतदान आमदार नाही, थेट जनता करते. एकूण वैध मतांना जागा अधिक एक ने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा. हा झाला कोटा. 1984 पासून प्रत्येक राज्याचे 12 सेनेटर आहेत, त्यांतले सहा नेहमीच्या निवडणुकीत निवडले जातात, म्हणजे कोटा 14.3 टक्के. त्याआधी पाच निवडले जायचे, तेव्हा 16.7 टक्के. कनिष्ठ सभागृहात एका मतदारसंघातून एकच खासदार निवडला जातो. देशभर दहा-अकरा टक्के मतं विखुरलेल्या पक्षाला तिथे काहीच मिळत नाही. डेमोक्रॅट्सना तिथे शेवटपर्यंत एकही जागा जिंकता आली नाही.

आता पक्षाची सेनेटमधली देशव्यापी मतं घे आणि 14.3 ने भाग. 1990 मध्ये 12.6 टक्के, म्हणजे 0.88 कोटा. 1993 मध्ये 5.3, म्हणजे 0.37. 1996 मध्ये 10.8, म्हणजे 0.76. 1998 मध्ये 8.5, म्हणजे 0.6. 2001 मध्ये 7.2, म्हणजे बरोबर अर्धा. 2004 मध्ये 2.1, म्हणजे 0.15. आणि 2007 मध्ये 1.3, जेमतेम 0.09. भरभराटीच्या वर्षीही देशाची सरासरी पूर्ण कोट्याला पोचत नव्हती. जागा मिळायची ती इतरांच्या कोट्यावरच्या शिलकीतून आणि बाद झालेल्या उमेदवारांच्या पुढच्या पसंतीतून. तुझा लेख या एका गोष्टीवर उभा राहायला हवा.

मोजणीत घोडं कुठे अडतं ते नीट समजून घे. अर्धा कोटा असलेला पक्ष टिकतो तो बाद होण्याच्या क्रमात मागे राहिला तरच. सर्वांत कमी मतांचा उमेदवार आधी बाहेर जातो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. तू मधल्या पक्षाचा असशील, तर डावे बाद झाले तरी मतं तुझ्याकडे येतात आणि उजवे बाद झाले तरी येतात, कारण दोघांनाही तू कमी वाईट वाटतोस. मात्र शेजारचा प्रतिस्पर्धी तुझ्यापुढे एका मताने जरी गेला, तरी त्याची मतं तुझ्याकडे येण्याऐवजी तुझी त्याच्याकडे जातात. म्हणून घसरण सरळ रेषेत होत नाही. 0.6 वरून 0.5 वर आलं तर एखादी जागा जाते, 0.15 वर आलं की सगळ्याच जातात. पसंतीक्रम पक्षाने ठरवून देण्याची गट-यादीची सोय 1984 ते 2013 च्या निवडणुकांपर्यंत होती. बहुतेक मतदार एकच आकडा लिहून मोकळे व्हायचे, त्यामुळे या अदलाबदलीच्या वाटाघाटींना फार वजन होतं.

दुसरी पायरी, कागदावर दोन स्तंभ पाड. राज्यांच्या सेनेटरांची मुदत सहा वर्षांची, 1 जुलैला सुरू होणारी. एका तुकडीची निवडणूक 1990, 1996, 2001, 2007 मध्ये झाली, दुसरीची 1993, 1998, 2004 मध्ये. पहिल्या स्तंभात डेमोक्रॅट्सच्या जागा 5, 5, 4, 0 अशा आहेत, दुसऱ्यात 2, 4, 0. संसदेतलं बळ हे नेहमी या दोन तुकड्यांची बेरीज असतं. 1999 च्या जुलैत पक्षाचे नऊ सेनेटर झाले, आजवरचे सर्वाधिक, आणि तेव्हा मतं मात्र 8.5 टक्क्यांवर उतरलेली होती. बाहेरून शिखर दिसत होतं, आतला आकडा उतरणीला लागला होता. खर्ड्यात तू 1999 ला "सुवर्णकाळ" म्हटलं आहेस, तो शब्द काढ.

आता जीएसटी. 1998 च्या प्रचारात पक्षाने या कराला सरसकट नकार दिलेला नव्हता. अन्नपदार्थ वगळा, ही त्यांची अट होती. तेव्हाच्या सेनेटमध्ये सरकारपाशी 76 पैकी 37 मतं होती आणि बहुमताला 39 लागत. मे 1999 मध्ये टास्मानियाचे अपक्ष ब्रायन हॅरडीन यांनी नकार दिला, तेव्हा हॉवर्ड डेमोक्रॅट्सकडे वळले. तडजोडीत मूलभूत अन्न करातून सुटलं, पुस्तकं सुटली नाहीत. डेमोक्रॅट्सच्याच नताशा स्टॉट डेस्पोया आणि अँड्र्यू बार्टलेट या दोन सेनेटरांनी विरोधात मत दिलं. पक्षाच्या नियमात ते बसत होतं, कारण तिथे पक्षादेश नव्हता. प्रत्येक सेनेटरला सदसद्विवेकाने मत देण्याची मुभा होती. 10 टक्क्यांचा कर 1 जुलै 2000 पासून लागू झाला.

त्यानंतरची पहिली निवडणूक 2001 ची. मतं 8.5 वरून 7.2 वर आली आणि एक जागा गेली, न्यू साउथ वेल्सची, ती पर्यावरणवादी ग्रीन्स पक्षाने घेतली. नुकसान झालं, पण मृत्यू म्हणावा असं नाही. खरा कडेलोट 2001 आणि 2004 च्या मधला आहे. म्हणून तुझ्या लेखात सर्वांत जास्त जागा 2002 ला द्यायला हवी. तू त्याला एक परिच्छेद दिला आहेस.

2002 समजायला पक्षाची घटना वाच. 1977 मध्ये डॉन चिप यांनी लिबरल पक्ष, म्हणजे दोन मोठ्या पक्षांपैकी उजवीकडचा, सोडला आणि ऑस्ट्रेलिया पार्टी व न्यू लिबरल मूव्हमेंट या दोन लहान पक्षांतल्या लोकांना घेऊन हा पक्ष उभा केला. धोरण आणि नेता दोन्ही सामान्य सभासदांनी टपाली मतदानाने ठरवायचे, हा पाया. मोठ्या पक्षांच्या बंद खोल्यांना कंटाळलेल्या लोकांना ते भावलं. 1980 मध्ये "हरामखोरांना प्रामाणिक ठेवा" ही त्यांची घोषणा गाजली, पाच सेनेटर झाले आणि जुलै 1981 पासून निर्णायक मतं त्यांच्या हाती आली. अडचण अशी की नेता सभासद निवडणार, पण त्याच्याबरोबर रोज काम करायचं ते सेनेटरांनी. दोघांची पसंती एक असेल तोवर यंत्रणा चालते. एप्रिल 2001 मध्ये सभासदांनी लीस यांना हटवून स्टॉट डेस्पोया यांना निवडलं. सेनेटरांमध्ये मात्र त्यांना पुरेसा आधार नव्हता. जुलै 2002 मध्ये लीस पक्षाबाहेर पडल्या. ऑगस्टमध्ये उरलेल्या सातपैकी चौघांनी नेत्याचे हात बांधणारा दहा कलमी कार्यक्रम पुढे रेटला आणि स्टॉट डेस्पोया यांनी नेतेपद सोडलं. सभासदांनी निवडलेला नेता संसदीय गट पाडू शकतो, हे सगळ्या देशाने पाहिलं. पारदर्शकता हा ज्या पक्षाचा एकमेव माल, त्याच्या दुकानात ही भांडणं भर बाजारात झाली.

इथे एक तांत्रिक बारकावा घाल, तो बहुतेकांकडून सुटतो. 1977 च्या घटनादुरुस्तीनुसार सेनेटरने राजीनामा दिला तर ती जागा त्याच पक्षाच्या माणसाला मिळते. ऑक्टोबर 1997 मध्ये नेत्या शेरिल कर्नॉट दुसऱ्या मोठ्या, डावीकडच्या लेबर पक्षात गेल्या, तेव्हा त्यांनी सेनेट सोडलं, म्हणून जागा पक्षाकडेच राहिली. तिथे बार्टलेट आले. लीस यांनी पक्ष सोडला, पण जागा सोडली नाही. ती जागा जून 2005 पर्यंत त्यांच्याबरोबर गेली. नेत्याचं पक्षांतर परवडलं, बंडखोर सेनेटरचं टिकून राहणं महागात पडलं.

एक आक्षेप तुला नक्की येईल: भांडणं आधीही झाली होती. बरोबर आहे. 1991 मध्ये जॅनेट पॉवेल यांना नेतेपदावरून काढलं, 1993 मध्ये मतं 5.3 वर कोसळली आणि तरी 1996 मध्ये 10.8 पर्यंत सावरली. मग 2004 नंतर का नाही सावरली? माझ्या मते उत्तर पक्षाच्या आत नाही. 1993 मध्ये नाराज मतदाराला जायला देशभर दुसरी जागा नव्हती, ग्रीन्सचं बळ मुख्यतः पश्चिम ऑस्ट्रेलियात होतं. 2004 मध्ये ग्रीन्सना सेनेटसाठी 7.7 टक्के मतं पडली. निर्वासितांचा प्रश्न असो वा इराक युद्ध, डेमोक्रॅट्सची भूमिकाही सरकारविरोधीच होती, पण तिचं श्रेय ग्रीन्सना गेलं. त्यात 2004 मध्ये डेमोक्रॅट्सनी सामाजिकदृष्ट्या सनातनी फॅमिली फर्स्ट पक्षाशी पसंतीक्रमांची देवघेव केली. व्हिक्टोरियात त्या पक्षाचा उमेदवार दोन टक्क्यांपेक्षा कमी पहिल्या पसंतीवर, लेबर आणि डेमोक्रॅट्सच्या पुढच्या पसंतीच्या जोरावर निवडून आला. उदारमतवादी मतदाराला ते पचलं नाही. हा आकडा लेखात हवाच.

शेवटच्या टप्प्यावर फार शब्द घालवू नकोस. 1 जुलै 2005 ला दोन गोष्टी एकदम झाल्या. सेनेटर चारच उरले, त्यामुळे पाच सदस्यांची अट असलेला संसदीय पक्षाचा दर्जा आणि त्यासोबतची जास्तीची माणसं गेली. आणि हॉवर्ड सरकारला 39 जागांचं बहुमत मिळालं, म्हणजे तोल साधणाऱ्याची गरजच उरली नाही. तिजोरीतून मिळणाऱ्या निवडणूक निधीला किमान चार टक्के मतं लागतात. दोन टक्क्यांच्या पक्षाला तो दरवाजाही बंद. शेवटचे सेनेटर 30 जून 2008 ला बाहेर पडले. 2015 मध्ये किमान सभासदसंख्या दाखवता न आल्याने नोंदणी रद्द झाली. 2019 मध्ये पुन्हा झाली. हे दोन ओळींत आटोप.

भाषेबद्दल एक सूचना. "मध्यममार्गी" हा शब्द वापरताना जपून. स्थापनेवेळी पक्ष दोन मोठ्या पक्षांच्या मधोमध होता. पर्यावरण, अण्वस्त्रविरोध, आदिवासींचे जमीनहक्क या प्रश्नांवर तो पुढे लेबरच्याही डावीकडे गेला. पक्षाचं मधलं स्थान मुख्यतः मतमोजणीत आणि विधेयकांच्या वाटाघाटींत होतं. 1993 च्या आदिवासी जमीनहक्क कायद्यात लेबरबरोबर आणि 1996 च्या कामगार कायद्यात हॉवर्ड सरकारबरोबर बसून कलमं बदलून घेणं हे त्यांचं खरं काम. ही दोन विधेयकं शेजारी ठेवलीस तर वाचकाला पक्ष दिसेल, नुसत्या जाहीरनाम्यातून दिसणार नाही.

उरला तुझा शेवटचा विभाग, "मध्याला भवितव्य आहे का?" तिथे भाकितं करू नकोस, दोन मोजण्या शेजारी ठेव. 1990 मध्ये नेत्या जॅनीन हेन्स यांनी सेनेट सोडून ॲडलेडच्या दक्षिणेकडचा किंग्स्टन मतदारसंघ लढवला. मतं 26 टक्क्यांच्या आसपास पडली, पण त्या तिसऱ्या राहिल्या आणि त्यांची स्वतःची सेनेटची जागाही गेली. 2022 मध्ये सिडनी, मेलबर्न आणि पर्थच्या सुखवस्तू उपनगरांत सहा नव्या अपक्ष महिलांनी लिबरल पक्षाच्या जागा घेतल्या. फरक दुसऱ्या क्रमांकाचा आहे. तिथल्या लेबर समर्थकांनी पहिली पसंतीच अपक्षाला दिली, त्यामुळे लेबर तिसरा राहून बाद झाला आणि त्याची उरलेली मतंही अपक्षाकडे आली. किंग्स्टन ही लेबरकडे असलेली जागा होती आणि दोन्ही मोठे पक्ष तिथे तगडे होते. सहांपैकी कुठलाही एक मतदारसंघ घे, तिथल्या मोजणीच्या फेऱ्या किंग्स्टनच्या फेऱ्यांशेजारी मांड आणि पुढच्या खर्ड्यासोबत तो तक्ता पाठव.

तुझा,
एक जुना वाचक