वाचकांचे प्रश्न : अलास्काची पहिली क्रूझ

प्रश्न : आम्ही पती-पत्नी जूनमध्ये प्रथमच क्रूझने अलास्काला जाणार आहोत. बाल्कनीची खोली घ्यावी का? पत्नीला बोट लागण्याचीही धास्ती वाटते.

उत्तर : इनसाइड पॅसेज हा जलमार्ग बहुतांशी बेटांच्या आडून जातो, त्यामुळे खुल्या समुद्राच्या लाटा तेथे फारशा पोहोचत नाहीत. तरीही काही टप्पे उघड्यावर येतात. तेव्हा खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागातील खोलीत हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

बाल्कनीचा मोह आम्ही तरी आवरला असता. ग्लेशियर बे या अलास्कातील राष्ट्रीय उद्यानात जहाज हिमनदीसमोर सावकाश वळते, म्हणून दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना ती दिसते, आणि खरी मजा वरच्या उघड्या डेकवर असते. निळसर कडा निःशब्द कोसळताना दिसतो आणि त्याचा गडगडाट काही क्षणांनी कानी येतो, कारण ध्वनी प्रकाशाच्या मागून येतो. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त 2 क्रूझ जहाजांनाच प्रवेश असल्याने आपल्या फेरीत ते आहे का, हे आरक्षणापूर्वीच पाहावे.

जाडजूड एकाच कोटापेक्षा लोकरीचे पातळ थर आणि वर पाणी न शिरणारे जाकीट बरे. केचिकन या अलास्कातील बंदराच्या गावी वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट कामी येते, कारण दुर्बिणीसाठी दोन्ही हात मोकळे राहतात.