नोटीस लावली, तरी नाईटवाल्यांची बस चुकली

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी चाकणला एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत एचआरला आहे, दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात रात्रपाळीच्या बसची वेळ बदलली त्याचा मेमो मीच काढला, बोर्डवर लावला, ग्रुपवरपण टाकला, तरी दहा-बारा जणांची बस चुकली आणि साहेब मला बोलले. मी लिहिलं होतं, "उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, दि. 15 पासून रात्रपाळीच्या वाहतूक व्यवस्थेच्या वेळेत बदल करण्यात आलेला असून सर्वांनी नोंद घ्यावी." नवीन वेळ खाली तक्त्यात दिली होती. काय चुकलं?

उत्तर: सगळ्यात आधी ते '15 पासून' बघा. रात्रपाळी 14 ला रात्री सुरू होते आणि 15 ला सकाळी संपते, मग 15 म्हणजे नक्की कुठली रात्र? निम्म्या लोकांनी एक धरली असणार, निम्म्यांनी दुसरी, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबरच. नाईटसाठी तारीख लिहायची तर वार आणि 'रात्री' हे दोन्ही लिहायलाच पाहिजे.

दुसरं म्हणजे 'मेमो' हे नाव. आपल्याकडे कारखान्यात "त्याला मेमो मिळाला" म्हणजे कामगाराला लेखी तंबी मिळाली असाच अर्थ घेतात, त्यामुळे बोर्डवर मेमो दिसला की कुणाला दिला एवढंच लोक बघतात, आपल्याला नाही म्हटल्यावर पुढे जातात. साधं 'सूचना' लिहा.

आणि ती सरकारी भाषा. 'उपरोक्त', 'करण्यात आलेला असून' हे आपण जुन्या फायलींतून उचलतो, मीही सुरुवातीची बरीच वर्षं तसंच लिहायचे. पण दमून घरी निघालेला माणूस बोर्डपुढे दहा सेकंद थांबतो, तेवढ्यात त्याला वेळ दिसली पाहिजे, तुमच्याकडे ती तक्त्यात जाऊन बसली. मी असं लिहिलं असतं:

"सूचना: रात्रपाळीची बस 20 मिनिटं आधी सुटणार
सोमवार दि. 15 च्या रात्रीपासून बस भोसरीहून 9.40 ला सुटेल (आधी 10 ला सुटायची). रविवारी रात्री जुनीच वेळ. हायवेच्या ट्रॅफिकमुळे पंचिंगला उशीर होतो म्हणून हा बदल. फर्स्ट आणि सेकंड शिफ्टच्या बस आहेत तशाच. अडचण असेल तर शनिवारपर्यंत एचआरला सांगा."

कारण सांगितलं की लोक कुरकुर कमी करतात, आणि काय बदललं नाही तेही लिहिलं की उगाच फोन येत नाहीत. खाली सही आणि नोटीस काढल्याची तारीख टाका, महिना-वर्षासकट.

तुमच्याकडे बिहार, यूपीची मुलं असतील तर शेजारी हिंदीत पण लावा. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्येसुद्धा कायद्याने लावायच्या नोटिसा इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत आणि मेन गेटजवळ लावाव्यात असं होतं, म्हणजे ही गरज तेव्हाही ओळखली होती.

ग्रुपवर फोटो टाकता तेव्हा वर एक ओळ टाईप पण करा, "सोमवार रात्रीपासून बस 9.40 ला", कारण फोटो उघडायचा राहून जातो. आणि लावायच्या आधी नाईटवाल्या एकाच्या हातात कागद देऊन विचारा, दादा, तुम्ही सोमवारी स्टॉपवर किती वाजता येणार? तो 9.40 च्या आधीची वेळ म्हणाला तर लावा, नाहीतर परत लिहा. जुनी नोटीस मात्र त्याच दिवशी काढून टाका.