पहाटे पाचला भरलेला चार्ट

रत्नागिरीतून एका नर्सचं पत्र आलंय. वय 26, माहेर देवगडकडचं, नोकरी एका मोठ्या रुग्णालयसाखळीच्या शाखेत. यंदाही गणपतीची रजा नाकारली, पगार वाढत नाही, तोंड उघडलं की पुण्याच्या शाखेत बदलीची धमकी, घरी आल्यावरही ग्रुपवर मेसेज. ‘इन्चार्ज मॅडम तेवढ्या आईसारख्या आहेत. नोकरी सोडू का?’ असं ती विचारते.

बाय, चार पानांच्या तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर कंसात एक वाक्य आहे: ‘नाइटला चौदा पेशंटना मी एकटी, म्हणून पहाटे पाचला सगळ्यांचे व्हायटल्स एकदम भरते, मॅडमच म्हणतात, चार्ट रिकामा ठेवू नका.’ हे वाक्य तू एकदा खोडून पुन्हा लिहिलंयस. व्हायटल्स म्हणजे बीपी, ताप, श्वास; रात्रीतून ठरल्या वेळी ते मोजून चार्टच्या रकान्यांत भरायचे असतात. ते वाक्य तुला टोचतंय. मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

पगाराची चीड रास्तच आहे. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीनं 200 हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांत सरकारी नर्सइतका पगार द्या, अशी शिफारस केली होती. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हे मालकांना बरोबर कळतं. त्यावर पुढे कधी बोलू.

रात्री दोनच्या रकान्यात पाचला काय लिहितेस? बीपी 120/80, ताप नाही, श्वास मिनिटाला 18. पुढच्या खाटेवरही 18, त्याच्या पुढच्यालाही 18. माणूस बिघडायला लागला की पुष्कळदा बीपी पडायच्या बऱ्याच आधी श्वास वाढतो, हे तुला शिकवलेलं आहे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, माणूस दाखल होतो, संध्याकाळी उठून चहा पितो, आणि रात्रीतच त्याच्या फुप्फुसात रक्तस्राव सुरू होऊ शकतो. दोन वाजता त्याचे श्वास मोजलेस आणि ते 28 भरले, तर ड्यूटी डॉक्टरला उठवता येतं, आयसीयूत हलवता येतं. न मोजता 18 लिहिलेस तर त्याची रात्र गेली. आणि हा माणूस कोण? आंब्याच्या कलमांवर व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेऊन तुमचं बिल भरणारा. आता आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायला नको, म्हणून विश्वासानं तुमच्याकडे आलेला.

आता नीट ऐक. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असं आहे. तुझ्याकडे चौदा. पण मुख्य कार्यालयातल्या माणसांना वॉर्ड दिसत नाही, कागद दिसतो. कागदावर चौदाच्या चौदा चार्ट पूर्ण, वेळेवर, सहीसकट. मग ते दुसरी नर्स कशाला देतील? तुझे हाल तूच रोज पहाटे लपवतेस.

त्या आईसारख्या मॅडमबद्दल मला माया वाटत नाही. रकाना रिकामा राहिला तर वर उत्तर त्यांना द्यावं लागतं. भरला आणि पेशंट गेला तर उत्तर तुला द्यावं लागेल, कारण सही तुझी. तुझी नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आहे, साखळीची नव्हे. खोट्या नोंदीपायी ती धोक्यात आली तर पोटापाण्याचं साधन तुझं जाईल, मॅडमचं नाही.

तेव्हा आजच्या नाइटपासून मोजलं तेच लिहायचं, आणि मोजलं त्याच वेळेला. ऑक्सिजनवरचा, नुकतं ऑपरेशन झालेला, तापाचा आणि धापेचा पेशंट आधी. उरलेल्यांपर्यंत पोचता आलं नाही तर खोटा आकडा घालायचा नाही; ‘1.40 ते 2.50 खाट 9 जवळ, पाहता आलं नाही’ असं सरळ लिहायचं. सकाळी पुढच्या पाळीला हँडओव्हर देताना आणि चुका-अडचणी नोंदवायच्या इन्सिडेंट फॉर्मवर ‘पेशंट 14, नर्स 1’ एवढं लिहून सही करायची. घरी एका वहीत तारीख आणि हे दोन आकडे टिपून ठेव, पेशंटची नावं मात्र नकोत. मॅडमना ड्यूटीवर चढण्याआधीच तोंडावर सांग, म्हणजे पाठीमागून केलंस असं होणार नाही. सोबतच्या मुलींनाही सांग; तुझ्यासारख्या चौघींनी असं लिहिलं तर एकटीला पुण्याला धाडून भागणार नाही.

मॅडम चिडतील. बदलीचा कागदही येईल कदाचित. पुण्याच्या वॉर्डातही असंच लिहायचं.

नोकरी सोडायचा विचार महिनाभर असे चार्ट भरून झाल्यावर कर. तोवर राजीनामा देऊ नकोस.