घाटात क्लच घसरतो तेव्हा

प्रश्न : खंबाटकी घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की माझ्या जुन्या पेट्रोल कारच्या इंजिनाचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही, कधी जळका वासही येतो. मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायला सांगतात. ते खरोखर आवश्यक आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे क्लच घसरत असल्याची, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पूर्ण पोहोचत नसल्याची आहेत, तथापि गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी क्लचपेडलचा प्ले (पेडल दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल) अवश्य तपासून घ्यावा. केबलचा क्लच असेल आणि केबल प्रमाणाबाहेर ताणलेली असेल, तर पाय पेडलवर नसतानाही क्लचची प्लेट पूर्ण दाबाने फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) चिकटत नाही, आणि हा दोष केवळ केबल सैल करून दूर होऊ शकतो. प्ले योग्य असूनही मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिनाचे फेरे एकदम वाढत असतील, तर प्लेट झिजली आहे किंवा तिला तेल लागले आहे, असे समजावे. मग मेकॅनिकचे म्हणणे रास्तच आहे.

गिअरबॉक्स उतरवल्यावर केवळ प्लेट बदलून पैसे वाचवू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मजुरीचा मोठा खर्च उतरवण्या-चढवण्याचाच असल्याने प्रेशर प्लेट (क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) आणि रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे बेअरिंग) त्याच वेळी बदलावे. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग किंवा बारीक तडे आहेत का, हे स्वतः उभे राहून पाहावे. क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे, तेल अडवणारे ऑइल सील गळत असेल, तर नवी प्लेटही तेलाने खराब होईल.

दुरुस्तीनंतर चढावर गाडी अर्ध्या क्लचवर न थोपवता हँडब्रेक लावावा.