मोपा सुरू झाल्यावर दाबोळीचे काय, आणि तिकीट कुठले काढावे?

गोव्यातील हे दोन्ही विमानतळ चालू आहेत. दाबोळी हा नौदलाचा तळ असल्यामुळे तेथील नागरी वाहतुकीला वेळेच्या आणि जागेच्या मर्यादा पडतात. पेडणे तालुक्यातील मोपा येथे मात्र ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ नागरी वापरासाठीच बांधलेला असून प्रवाशांबरोबर मालवाहतुकीचीही सोय तेथे आहे. वास्को, मडगावकडच्यांना दाबोळी जवळ, तर म्हापसा, पेडणे आणि सिंधुदुर्गातील बांदा, सावंतवाडीकरांना मोपा सोयीचे. तिकिटावरील संकेताक्षरे मात्र कृपया नीट वाचावीत: ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी, ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा. नुसते ‘गोवा’ वाचून निघाल्यास विमान चुकू शकते, आणि ऐनवेळी उत्तरेकडून दक्षिणेकडे धावणे फार जड जाते.