उजनीतली जलपर्णी : ड्रोन लावायच्या आधी हे वाचा

इंदापूर, करमाळ्याकडून एकच प्रश्न सारखा येतोय : जलपर्णीवर ड्रोननं तणनाशक मारू का? उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये जलपर्णी दाटलीय, मोटारीची फुटवॉल (पाण्यातल्या पाइपच्या तोंडाची जाळीची झडप) चोक होते, आणि दुकानदार म्हणतोय ड्रोन लावा, ग्लायफोसेट न् टू-फोर-डी ही दोन तणनाशकं मिसळून डबल डोस मारा, आठवड्यात साफ.

मारू नका. त्याला बाटल्या खपवायच्यात, पाणी तुमच्या गावाला प्यायचंय. ग्लायफोसेट ऑक्टोबर २०२२ पासून फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनंच वापरायचं असा नियम आहे. आणि डबल डोसनं पानं वरच्यावर करपतात, औषध खाली उतरतच नाही, परत फुटवा येतो मग दुकानदार तिसरी बाटली देतो.

ड्रोनमध्ये एकरी साधारण १० लिटर पाण्यात अख्खा डोस असतो, द्रावण कडक, थेंब बारीक, त्यात टू-फोर-डीचा इस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन उडतं. ऑक्टोबर छाटणीनंतरची कोवळी द्राक्षफूट जवळ असेल तर संपलंच. पान पंख्यासारखं आखडतं, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, शेंडा पिळवटतो, अन् बागाईतदार व्हायरस समजून वरून अजून औषधं मारत बसतो, असे प्लॉट मी बघितलेत. डबल डोस नको म्हणजे नको, भर दुपारी तर अजिबात नको.

सगळी जलपर्णी एकदम मारली तर ती तळाला बसून कुजते, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. म्हणून ड्रोन लावायचाच असेल तर जलसंपदाची लेखी परवानगी, लेबलवर जलपर्णीचा स्पष्ट उल्लेख, सर्टिफिकेटवाला पायलट, वारा पडलेली सकाळ, एका वेळी एक तृतीयांशच भाग आणि पिण्याच्या पाण्याच्या उपशापासून लांब. यातलं एक जरी नसेल तर ड्रोन उडवू नका.

माझं ऐकाल तर काढूनच टाका, तेही फुलं यायच्या आत, कारण बी चिखलात १५-२० वर्षं टिकतं. दहा-बारा जणांनी मिळून पोकलेन लावा, फुटवॉलभोवती बांबूचा तरंगता अडसर बांधा, काढलेला माल काठापासून लांब टाका नाहीतर पावसात परत आत जातो. शेण घालून खत चांगलं होतं पण नदीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, तेव्हा ते उसाला घाला, पालेभाजीला नको.

ड्रोन खरेदीचं विचारलंय त्यांना थोडक्यात : महिला बचत गटांना केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत ८०% अनुदान, जास्तीत जास्त ८ लाख. बाकी तालुका कृषी कार्यालयात विचारा.

ज्यांच्या बागेवर आधीच औषध उडालंय त्यांनी वरून काही मारू नका, फोटो काढा आणि तालुका तक्रार निवारण समितीकडे लगेच अर्ज द्या. ज्यानं फवारणी केली त्याच्याकडून बाटलीचा बॅच नंबर न् बिल मिळालं तर तेही जोडा.